जर्मन गेल्यावरची पहिली भट्टी

महायुद्ध संपून पोलंडमधून जर्मन जाऊन वर्षही झालं नव्हतं. दीडशे वर्षांच्या त्या चिनीमातीच्या कारखान्यात म्हाताऱ्या वालेंतींनी पुन्हा भट्टी पेटवली, आणि ऐन आच चढताना लाकूड संपलं. विस्तुला नदीवरचा पूल युद्धात पडलेला, त्यामुळे कोळशाची गाडीही येईना. आता आच उतरली तर आतली सगळी भांडी वाया जाणार आणि कारखाना कायमचा बसणार.

तेवढ्यात ताटांवर फुलं रंगवणारी गेनोवेफा बर्फातून आपली खाट ओढत आली.

"अगं, झोपशील कशावर?" वालेंती ओरडले.

"भट्टी विझली तर झोप लागणारे का मला? बघत काय बसलात दादा, घाला आत!"

तिच्यामागून गावच लोटलं. कुणी कुंपण उपटून आणलं, कुणी घरातलं सरपण झाडून आणलं. वालेंतींनी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

भट्टी उघडली तेव्हा पांढरीशुभ्र ताटं टिचकीसरशी घंटेसारखी वाजली. ती दाखवायला कुणालाच घरून बोलवावं लागलं नाही. घरोघरच्या चुली केव्हाच गार पडल्या होत्या. पोराबाळांसकट अख्खं गाव भट्टीच्या कोमट भिंतीला पाठ लावून तिथेच झोपलं होतं.