बाईंचा हात

"मार! अरे, जेवला नाहीस का? जोरात मार!"

पद्मजा सिस्टरनं सुई काढली, कापसाचा बोळा दाबला आणि डावा तळवा कडूबापुढं धरला. कडूबाचे डोळे वाहत होते, नाक त्याहून जास्त वाहत होतं. त्यानं हात उगारला आणि फाडकन ठेवून दिली.

"आई आई गं! मेले, मेले! हाडं मोडली माझी!" सिस्टर हात झटकत खाटांमधून नाचायला लागली. मुलांचा अख्खा वॉर्ड खिदळला.

"सांग, कुठं गेलं तुझं दुखणं?"

"तुमच्या हातात!" कडूबा रडता रडता हसला.

हा खेळ खरं तर त्याच्या आईचा. गावी लेकरू उंबऱ्याला ठेचकाळलं की द्वारकाबाई उंबऱ्यालाच चापट द्यायची, 'हात् मेल्या, माझ्या राजाला लागलं!' दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी चौघांनी धरून कडूबाला सुई टोचली, तेव्हा तिनं लोखंडी खाट बडवून काढली. सिस्टर म्हणाली, "खाटेचा काय गुन्हा, द्वारकाबाई? टोचलं मी. मार मलाच खाऊ द्या." तेव्हापासून कडूबाचं खाटेखाली लपणं बंद झालं.

आधीची दोन लेकरं गेली, म्हणून याचं नाव कडूबा ठेवलेलं. नाव कडू असलं की मरण तोंड लावत नाही म्हणे. आता क्षय त्याच्या मेंदूपर्यंत चढला होता. रोज कमरेत सुई, मधूनच पाठीच्या कण्यातली ती लांबलचक सुई. बाप बन्सी पैठणला धरणाच्या कामावर. औरंगाबादेत मायलेकाला आपलं म्हणावं असं कोण, तर ही सिस्टर. पोरगं जगवणं तिच्या हातात नव्हतं. त्याला दुखू न देणं तेवढं होतं, आणि त्यासाठी ती कितीही मार खायला तयार होती.

मग एका सकाळी सिस्टर डाव्या हाताला ही जाड पट्टी बांधून आली. सुया उकळायच्या भांड्याचं झाकण निसटलं होतं, वाफेनं तळवा सोलून निघाला होता. पण वॉर्डात असलं रडगाणं गाणाऱ्यांतली ती नव्हे. कुणाला काही न सांगता तिनं सुई टोचली आणि उजवा तळवा पुढं केला.

"आज याला मार. हा पण तसलाच आगाऊ आहे."

कडूबानं पट्टीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

"नाय. आज दुखलंच नाय."

"खरंच?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. हात मांड्यांखाली, ओठ घट्ट, डोळ्यांत टिपूस नाही. सिस्टरला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं मोठ्या डॉक्टरांना ओढत आणून दाखवलं. डॉक्टरांनी त्याला बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाले, "शाब्बास, पैलवान!" कण्यातल्या सुईच्या वेळी तो गोधडीचं टोक चावत मुटकुळं करून पडला, पण हूं नाही की चूं नाही. सिस्टर बाकीच्या पोरांना ओरडून सांगायला लागली, "बघा रे कडूबाकडं! नाहीतर तुम्ही, नुसती रडकी फौज!"

एकदा त्यानंच विचारलं, "बाई, तुमाला भाकरी थापता येती का आता?"

"छे रे! आमचे हे थापतात. अशी जाडजूड की कुत्रंसुद्धा हुंगून निघून जातं."

सगळे हसले. कडूबा हसला नाही.

पुढं ताप चढत गेला. त्याच सुमारास सिस्टरला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. सुट्टी संपली त्या सकाळी छावणीतल्या घरी तिनं पट्टी सोडली. तळव्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. ती हात हलवत, रस्ताभर गुणगुणत दवाखान्यात आली. आज पैलवानाकडून एक सणसणीत चापट खायचीच, दुखो न दुखो.

कडूबाची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

"पहाटेच गेला," आयानं हळूच सांगितलं. "बाप रात्रीच आला, आता जीप बघायला गेलाय. ती माउली व्हरांड्यातून हलंना. म्हणती, पद्मजाबाई आल्याबगर जायचं नाय."

व्हरांड्यात कोवळं ऊन आलं होतं. द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं लेकरू. तिनं वर पाहिलं. ती रडत नव्हती.

"बाई, हात दावा."

पद्मजा तिच्यासमोर खाली बसली. तिनं डावा हात पुढं केला. द्वारकाबाईनं तो उन्हात धरला, त्या नव्या कातडीवरून अंगठा फिरवला. मग गोधडीवर वाकली आणि झोपलेल्याला उठवावं तशी म्हणाली, "कडूबा, बाईंचा हात बरा झाला रं."

पद्मजाला काही उमजेना.

"काल सांजच्याला सांगितलं त्यानं मला," द्वारकाबाई म्हणाली. "तवर मला बी नव्हतं ठावं. त्याला वाटलं, त्याच्याच मारानं तुमचा हात फुटला."

"पण सुया?" पद्मजानं विचारलं. "द्वारकाबाई, त्याला सुया दुखत नव्हत्या ना? तो तर म्हणायचा..."

द्वारकाबाईनं तिचा हात सोडला नाही.

"म्हणला, 'माय, लई दुखतंय गं. बाईंचा हात बरा झाला की सांग. मग मारीन.'"