पावणेतीनची वेळ

"एकशे चाळीस जणांना मेल पाठवली. उघडली किती जणांनी? नऊ!" मालकांनी नऊ बोटं वर केली आणि दहावं तिच्याकडे रोखलं. "त्यातला एक मी."

पडद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवून टांगून द्यायचे, असा तीस वर्षांचा धंदा. जाहिरातीचं बघायला म्हणून ती तीन महिन्यांपूर्वी लागली होती, आणि मेल पाठवायची टूम तिचीच.

"अजून तीन मंगळवार देतो," मालक म्हणाले. "नाही जमलं तर आपली छापील पत्रकंच बरी. मग तुम्हाला ठेवून मी करू काय?"

सात वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी होती ती. रोज सकाळी पर्स खांद्याला अडकवून बाहेर पडताना तिला कोण आनंद व्हायचा! तीन मंगळवारांत तो जाणार की राहणार, एवढाच आता प्रश्न होता.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती डोकं धरून बसली. "सकाळी नऊला पाठवली, दुपारी एकला पाठवली, संध्याकाळी सातला पाठवली. ही माणसं वाचतात तरी कधी?"

समोर सासरे मटार सोलत होते. चौतीस वर्षं त्यांनी याच गावात पत्रं वाटली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात पाय म्हणून ठरत नव्हता.

"मंगळवारी पावणेतीनला पाठव," ते म्हणाले.

"का हो, बाबा?"

"त्या वेळेला लोक पत्र उघडतात. मी बघितलंय ना."

"अहो, ती पत्रं होती. ही मेल आहे."

"पण माणसं तीच आहेत की! दाखव बघू तुझी यादी."

तिने पर्समधून नावापत्त्यांचा कागद काढून दिला. चष्मा चढवून ते वाचायला लागले आणि नुसते खुलले. "अगं, या बाई अजून तिथेच राहतात? आणि हा टकल्या पडदे कधीपासून लावायला लागला? राहू दे कागद माझ्याकडे. जुनी नावं वाचायला बरं वाटतं."

तिला दुसरं काही सुचतही नव्हतं. मंगळवारी बरोबर पावणेतीनला तिने मेल सोडली आणि पडद्याकडे बघत बसली, म्हणजे कॉम्प्युटरच्या.

सात मिनिटांनी एकाने उघडली. मग आणखी एकाने. एरवी उघडल्या तर पहिल्या दहा मिनिटांत भसाभस उघडायच्या. या मात्र शहाण्या मुलांसारख्या रांगेत येत होत्या, दोन-अडीच मिनिटांनी एक. चारच्या सुमाराला वीस मिनिटं एकदम सामसूम झाली. पण गाडी पुन्हा सुरू झाली. साडेपाचला आकडा एकसष्ट! वर फोनवरून पडद्यांच्या पाच ऑर्डरी!

घरी येऊन तिने सासऱ्यांना वाकून नमस्कारच केला. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला, भात दोनदा मागून घेतला आणि ताटावरच डुलकी काढली.

"एक सल्ला काय दिला, दमले बिचारे," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या मंगळवारी बहात्तर. मालकांनी पावणेतीनचं शास्त्रच मांडलं. "दुपारची झोप झाली की माणूस ताजातवाना होतो. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं. मग पडद्यांची आठवण होणार नाही तर काय होईल?" दुकानात येईल त्याला ते हे ऐकवायला लागले.

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी जुन्या बुटांना नवे तळवे लावून आणले. "निवृत्त माणसाला हे कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"शोभेला," ते म्हणाले.

"बाबा, तुमच्या वेळेची जादू बघा!" जेवताना तिने बातमी दिली. "मालक म्हणतात, आता मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदा पाठवू."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "दोनदा कशाला? माणसाला जरा श्वास तरी घेऊ द्या."

"आणि नवी सातशे नावं मिळवणार आहेत."

"सातशे!" त्यांना असा ठसका लागला की सासूबाईंनी पाठ चोळून चोळून तो थांबवला.

तिसऱ्या मंगळवारी पाच वाजताच आकडा सत्तरवर गेला. मालकांनी टेबलावर पाकीट ठेवलं. आत कायम नोकरीचं पत्र होतं. "जिंकलात बुवा!" ते म्हणाले. "आम्ही तीस वर्षांत जे ओळखलं नाही, ते तुम्ही तीन आठवड्यांत ओळखलंत."

तिचे डोळे भरून आले. ही बातमी पहिल्यांदा बाबांनाच, असं म्हणत तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. झोपले असतील, तिला वाटलं.

तेवढ्यात कॉम्प्युटर किणकिणला. गिऱ्हाइकाचं उत्तर! इतक्या दिवसांतलं पहिलंच. तिने अधीर होऊन उघडलं.

"पडदे छान आहेत. बाहेरच्या खोलीसाठी दोन हवेत. फक्त एक विनंती. तुमच्या पोस्टमनकाकांना सांगा, 'मेल आलीय, उघडा' एवढंच सांगायला दर मंगळवारी तीन जिने चढायची गरज नाही. खालून हाक मारली तरी मी उघडीन."