बास्सूच्या काळजाचा गालिचा

आमच्या ॲटलसच्या डोंगरात मागावरचा गालिचा जिवंत असतो. कापून उतरवला की तो मरतो, म्हणून बायका त्याला पाण्यानं न्हाऊ घालतात.

शहरातल्या प्रदर्शनासाठी मुलीनं बापाचा ईसीजी पाठवला, आणि इत्तोनं नवऱ्याच्या, बास्सूच्या, काळजाची ती वेडीवाकडी रेघ काळ्या गाठींनी विणली. ईसीजीचा कागद परवाच विणून संपला. गालिचा मात्र आपोआप वाढतच होता.

"अहो, मागाला हात लावलात का?"

"माझे हात चहाचा पेला सोडतात कुठं?" अंगणातून बास्सू हसला. हसता हसता त्याला ठसका लागला.

मागावरची रेघ उडी मारून खाली आली.

इत्तोच्या हातातली लोकर गळून पडली. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा आता चारच बोटं उरला होता. तो संपला तर?

"काप की एकदाचा! अजून किती घोळ घालशील?" बास्सू बाहेरून ओरडला.

तिनं सुरी उचलली. पहिला धागा तुटला.

"अगं इत्तो," बास्सू म्हणाला, "ऊन इतक्यात कुठं गेलं?"

अंगणात ऊन मावत नव्हतं.

इत्तोनं सुरी फेकली. समोर पुढची ओळ आपोआप भरू लागली.