झंझाची हाक

“झंझा हे एका स्पोर्ट्स कारचं नाव आहे, सर. ते जीपला, टॅक्सीला वाटत सुटू नका,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

“नावावरच गाड्या खपतात, मॅडम,” म्हणत डायरेक्टरांनी हाक मारली, “झंझा!” हाकेला ओ देणाऱ्या दोन्ही नव्या गाड्यांचे दिवे लागले.

मग काचेपलीकडे शोभेला ठेवलेल्या पहिल्या झंझाचेही लागले. सहाफुटी टेस्ट ड्रायव्हर तापकीर तिच्याच अपघातात गेला, त्यानंतर आम्ही तिचं इंजिन, बॅटरी, सगळं काढून टाकलं होतं.

“ही कुणी जोडली?” डायरेक्टरांनी विचारलं.

नव्या गाड्यांचे दिवे विझले. रिकाम्या झंझाची ड्रायव्हरची सीट हळूहळू मागे सरकली, तापकीरला लागायची तेवढी.