हप्ता उतरला

"एकशे दहा डॉलर," वाचनालयात लोकांचे विम्याचे अर्ज भरून देणारी मार्गो म्हणाली आणि तिनं संगणकाचा पडदा लोरेटाकडे वळवला.

"पुन्हा बघ गं. गेल्या वर्षी वीस होते महिन्याला. आता तर हप्ते उतरलेत ना?"

"उतरलेत. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं."

वाचनालयाच्या दारावर तसा फलकच लागला होता. मोठ्या आजारपणांच्या बिलांचा बराच भार आता राज्य सरकार उचलणार, म्हणून विमा कंपन्यांनी दर कमी केले होते. हा कायदा व्हावा म्हणून लोरेटा मार्गोच्या गाडीतून, बर्फात घाट उतरून राज्याच्या राजधानीला, डेन्व्हरला गेली होती. आमदारांच्या समितीसमोर तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. पर्यटकांच्या बंगल्यांतल्या फरश्या घासून मनगटातल्या नसा दबलेल्या, बोटं बधिर. ऑपरेशन करायचं तर विमा टिकायला हवा, असं ती म्हणाली तेव्हा टायवाल्या एका साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. ऑपरेशन येत्या जानेवारीत ठरलं होतं.

"मग माझाच हप्ता कसा चढला?"

"तुझ्या हप्त्यातला मोठा वाटा केंद्र सरकार भरतं. ती मदत मधल्या प्लॅनच्या किमतीवरून ठरते. तो खूप उतरला, तेवढीच मदतही उतरली. तू घेतेस तो सगळ्यात स्वस्त प्लॅन. तो मुळातच स्वस्त, त्यामुळे तेवढा उतरला नाही. मधला फरक तुझ्या अंगावर."

"म्हणजे सगळ्यांचं स्वस्त झालं म्हणून माझं महाग झालं?"

मार्गो काही बोलणार तोच डेल आत आला. त्याचं स्कीच्या बुटांचं दुकान होतं. कमाई मदतीच्या मर्यादेबाहेरची, त्यामुळे पुरा हप्ता भरता भरता दोन वर्षांपूर्वी त्यानं घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमाच सोडला होता.

"ही बघा आमची वकीलीणबाई!" त्यानं लोरेटाला मिठीच मारली. "कालच चौघांची नावं परत घातली. बायको म्हणते, लोरेटाला थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला बोलव. टर्की तूच कापायची!"

"सुरी धरवली तर," लोरेटा म्हणाली.

तो मोठ्यानं हसला आणि कागद घ्यायला पलीकडच्या टेबलाकडे गेला.

लोरेटा पडद्याकडे बघत राहिली. भाडं आणि पेट्रोल गेल्यावर उरायचं त्यात वीस कसेबसे बसत होते.

"माझं नाव काढ."

"अगं, ऑपरेशन..."

"काढ म्हटलं ना. डॉक्टरांना मी फोन करते." मग तिनं हळूच विचारलं, "हे असं होणार, तुला ठाऊक होतं?"

मार्गोनं दाराकडे पाहिलं. "होतं."

"डेन्व्हरला जायच्या आधी?"

"डेलसारखी माणसं विमा सोडून चालली होती, लोरेटा. गावातली निम्मी दुकानं."

"मग डेलला न्यायचं होतंस. मला कशाला नेलंस?"

"दुकानदाराच्या हप्त्यासाठी कोण डोळे पुसतं?"

लोरेटा उठली. जॅकेटची चेन बोटांनी लागेना, दोनदा सुटली. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली होता. मार्गो टेबलाला वळसा घालून आली, तिच्यासमोर वाकली आणि चेन अडकवून थेट हनुवटीपर्यंत वर ओढली.

लोरेटानं ओढू दिली. तेवढा वेळ ती डेलकडे बघत होती. तो विम्याच्या कागदांवर सही करत होता.