एका माणसाचा पास

होदानचा फोन आला तेव्हा नेरिस खिडकी उघडत होती. रग्बीचा सामना असला की तिच्या वडिलांना, इदवालला, खिडकी उघडी लागे. स्टेडियम नदीच्या पलीकडेच. तिथला गलका टीव्हीवरच्या चित्राच्या आधी घरात पोचायचा, आणि टीव्हीवाल्यांच्या आधी आपल्याला कळलं याचंच म्हाताऱ्याला सुख. पक्षाघातानं त्याची उजवी बाजू गेली होती. कान शाबूत होते.

होदान म्हणाली, ती गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेडपाशी उभी आहे. पास मागतायत, आत सोडत नाहीत.

सव्वाबारा वाजले होते. टेन्बीची गाडी एकला. स्टेशन पुलापलीकडे, दहा मिनिटांच्या वाटेवर. टेन्बीला नेरिसच्या बहिणीनं, अन्वेननं, समुद्रासमोरची खोली दोन रात्रींसाठी घेऊन ठेवली होती, आणि त्या दोन रात्री होदान देखभालीला इदवालपाशी राहणार होती. तीन वर्षांत नेरिस एक रात्रही घराबाहेर झोपली नव्हती. अन्वेननं याआधी दोनदा बोलावलं होतं. एकदा वडिलांना खोकला झाला, एकदा बॉयलर बिघडला. या वेळी अन्वेननं अगदी शांतपणे सांगितलं होतं, की आता नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही.

"जा, घेऊन ये तिला," इदवाल म्हणाला. "मी काही पळून जात नाही. आणि मेलोच, तर फोन करीन."

बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. होदानला आणू, गोळ्या दाखवू, मग निघू, असा हिशेब करून नेरिस घरातल्या सपातांवरच बाहेर पडली.

मोठ्या सामन्याला नदीकाठच्या गल्ल्यांत फक्त तिथं राहणाऱ्यांनाच सोडत. पास महिनाभर आधी टपालानं येत. त्यासाठी भरायच्या फॉर्मवर एक प्रश्न असे: घरातून ये-जा करणारी माणसं किती? शेजारच्या घरात तिघं राहत, त्यांनी दरवर्षीप्रमाणे सात लिहिली होती. सगळी गल्लीच असं लिहायची. नेरिसनं बराच वेळ पेन हातात धरून विचार केला होता. वडील तर उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. तिनं एक लिहिलं होतं.

बॅरिकेडवरचा पिवळ्या जाकिटातला माणूस डोंगराकडच्या खेड्यातला वाटत होता, धिप्पाड आणि गरीब स्वभावाचा. त्यानं पास उलटसुलट करून पाहिला.

"एक पास, एक माणूस. तुम्ही आत थांबणार, की ह्या?"

नेरिसनं त्याला सगळं समजावून सांगितलं. वडील, गोळ्या, एकची गाडी. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"मग सोपंच आहे की," तो म्हणाला. "पास ह्यांना द्या. तुम्ही निघा. बॅरिकेड सहाला उठेल, तोवर तुम्ही समुद्रावर."

होदाननं हात पुढे केला. मागच्या महिन्यात दोनदा येऊन गेले आहे, गोळ्या कुठं असतात ते मला ठाऊक आहे, असं तिनं सांगितलं. नेरिसनं पास दिला. होदान आत गेली आणि नेरिस बाहेर राहिली.

मग तिच्या लक्षात आलं, की पायात सपाता आहेत. अंगावर कोट नाही, बॅग घरात. आता कसं जाणार, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं झालं.

दहा-बारा मिनिटांत होदान परत आली. बॅग, कोट आणि बूट तिनं बॅरिकेडवरून अलीकडे दिले. बुटांच्या नाड्यासुद्धा सोडवून आणल्या होत्या. इदवालनं निरोप दिला होता की टेन्बीला वारा फार असतो, टोपी घालायला सांग तिला. आणि तो चहा पितोय, होदान म्हणाली. मी केलेला. चांगला झालाय म्हणाला.

"माझ्या हातचा त्याला पाणचट लागतो," नेरिस म्हणाली.

होदान हसली आणि वळून गेली. नेरिसनं भिंतीला टेकून बूट घातले. सपाता बॅगेत कोंबल्या. तिकीट फोनवर होतं, फोन खिशात होता. बारा चाळीस झाले होते. पुलावरून लाल जर्सीतली माणसं लोंढ्यानं स्टेडियमकडे चालली होती, गात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून. पुलाच्या डाव्या कडेला स्टेशनकडे जाणाऱ्यांसाठी दोरी लावून वाट मोकळी ठेवली होती. तिथं कुणीच नव्हतं.

नेरिस बॅरिकेडकडे वळली.

"मला एक मिनिट आत सोडा," ती म्हणाली. "रात्रीची उशी कशी लावायची, ते तिला सांगायचं राहिलं."

"फोन करा की."

"फोनवर नाही कळणार. दाखवावं लागतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. अंगातल्या कोटाकडे, हातातल्या बॅगेकडे. मग पुलाच्या मोकळ्या कडेकडे पाहिलं.

"आत यायला पास लागतो, बाई," तो हळूच म्हणाला. "जायला लागत नाही."

नेरिसनं समजल्यासारखी मान हलवली. बॅग खाली ठेवली होती, आणि बॅरिकेडची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.