आवडाबाईचं शिसं

या, अंमळ पुढं सरका. बुवांचा चहा चाललाय अजून, टाळ मांडीवर राहू द्या. आख्यान उभं राहीपर्यंत साठ सालातल्या एका थरथरणाऱ्या मोटारीची गोष्ट सांगतो.

वडखळच्या पुढं रस्ता सरळ होतो. तिथं दयारामशेटच्या ड्रायव्हरनं, मोरूनं, काटा पन्नास मैलांवर नेला आणि स्टिअरिंग पुन्हा हिवताप भरल्यासारखं कापू लागलं. हळू चालवली की मोटार गरीब गाय. वेग घेतला की तिच्या अंगात यायचं. शेजारी पेणचे रावजी मिस्त्री डोळे मिटून बसले होते, कीर्तनाला बसावं तसे.

"दसऱ्यापासून हाय म्हणतोस?"

"व्हय. दयारामशेट म्हणतात, तूच कुठंतरी आपटलीस. उद्या सकाळी त्यांना मुंबईला न्यायचंय. तोवर गाडी सुधारली न्हाय, तर चावी दुसऱ्याच्या हाती."

मिस्त्रींनी गाडी कडेला घ्यायला लावली. पुढचं डावं चाक मागं घातलं, मागचं पुढं. "आता पळव."

पन्नासावर स्टिअरिंग निवांत. थरथर आली ती मागच्या बैठकीखालून. म्हणजे दुखणं त्या चाकातच. मिस्त्री उतरले, चाकाच्या लोखंडी कडेवरून बोट फिरवलं. एके ठिकाणी बोटभर जागा कोरी, चकचकीत होती.

"हितं शिशाचा तुकडा असतो. चाकाचं वजन चहूकडून सारखं राहावं म्हणून. तो पडलाय. मुंबईशिवाय मिळायचा न्हाय, मोरू."

मोरू वरसोलीला घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याची आई आवडाबाई ओट्यावर पाग पसरून सांधत होती. हातानं फेकायच्या त्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले. तिनंच ओतलेले, सगळे गोल. त्यांच्यात एक मात्र चपटा, लोखंडी जीभ असलेला, दोऱ्यानं घट्ट आवळून बांधलेला.

मोरू तिथंच खाली बसला. "आये, ह्ये कुठलं?"

"तुज्या चाकातलं. दसऱ्याला गाडी मीच धुतली ना? बघते तर पागाचं शिसं चाकात रुतलेलं. निघता निघंना. दगडानं ठोकलं तवा सुटलं. न्हायतर टायर फाटला आसता तुजा." एवढं बोलून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, लेक आता शाबास म्हणेल म्हणून.

मोरूच्या ओठांवर शेटची सगळी बोलणी आली होती. त्यानं आईची सुतळीनं चिरलेली बोटं पाहिली आणि ती बोलणी गिळून टाकली.

"शाबास, आये. हे एक मला देशील? शकुनाचं म्हणून चाकाला लावतो."

"नि माज्या पागाला?"

"दोन ओतून देतो."

तिनं दातानं दोरा तोडला. "घे. हरेश्वराचं नाव घेऊन लाव."

त्यानं नाव घेतलं आणि कोऱ्या जागी शिसं ठोकून बसवलं. सकाळी वडखळच्या पुढं काटा पन्नासावर गेला. मोरूनं आरशात पाहिलं. मागं दयारामशेट तोंड उघडं टाकून झोपले होते.

पुढं दर दसऱ्याला आवडाबाई पहिलं कुंकू त्या शिशाला लावायची आणि कोळीवाड्यातल्या येईल त्या बाईला सांगायची, "माज्या पागाचं शिसं हाय, म्हणून लेकाची गाडी कापत न्हाय."

मोरू शेजारी उभा असायचा. दर वेळी म्हणायचा, "व्हय, आये."

उठले बुवा. घ्या टाळ हातात. पहिल्या गजराला तेवढी मोरूच्या 'व्हय, आये'ची आठवण असू द्या.